परदेशीं गेलेल्या सेवकानें घ्यावें कीं केवळ द्यावें?

परदेशीं राहणाऱ्या तरुण मिशनऱ्याची गोष्ट निघाली म्हणजे त्यानें काय सोडलें हें आपण आधीं मोजतों. आईबाप सोडले, गांव सोडलें, चांगल्या पगाराची आशा सोडली. मग त्यानें काय दिलें हें सांगतों : शाळा दिली, औषध दिलें, पुस्तक दिलें. हें सर्व खरें आहे, व त्याबद्दल देवाचे आभार मानावे तितके थोडेच. परंतु त्याचा रोजचा दिवस जवळून पाहिला तर एक निराळाच प्रश्न उभा राहतो. ज्या लोकांत तो राहतो त्यांच्या हातून त्यानें कांहीं घ्यावें कीं नाहीं? आतां आपल्या मंडळ्यांतील तरुणही सेवेसाठीं परप्रांतीं व परदेशीं जात आहेत. तेव्हां हा प्रश्न गोऱ्या माणसांपुरता राहिलेला नाहीं.

खरें पाहतां, दिवस उजाडल्यापासून तो घेणाराच असतो. गॉर्डन हॉल साहेब सन 1813 च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले तेव्हां त्यांचें वय अवघें 28 वर्षांचें होतें. ते शिकलेले, वैद्यकीचेंही ज्ञान असलेले. सरकारास ते नकोसे होते; त्यांस परत जाण्याचा हुकूमही झाला. आणि भाषेची तर अशी स्थिति कीं, रस्त्यांतल्या पोराला जें बोलतां येई तें त्यांस येईना. मराठी त्यांनीं येथल्याच माणसांपाशीं बसून शिकून घेतली. पुढें 1826 सालीं मराठी नवा करार पूर्ण छापून झाला. मिशनऱ्यांनीं आपणांस पुस्तक दिलें असें आपण म्हणतों. त्या पुस्तकांतला शब्द न् शब्द मात्र त्यांनीं आधीं आपल्या लोकांकडून घेतलेला होता. आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें नामदेवांचें जन्मगांव मानतात. तेही पंजाबांत जाऊन राहिले, आणि शिखांच्या ग्रंथांत त्यांचीं 61 पदें आहेत. परक्या प्रांतांतल्या लोकांची वाणी कानांत घेतल्यावांचून असें होत नाहीं.

भाषा घेणें तरी सोपें. अन्नपाणी घेणें कठीण, आणि आपल्या देशांत तर फारच कठीण. कारण येथें कोण कोणाच्या हातचें घेतो यावरून माणसाची पायरी ठरत आली. ज्यांच्या वाडवडिलांच्या हातचें पाणी गांवांत कोणी घेत नसे, त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. प्रभूनें शोमरोनी बाईला शिक्षण दिलें तें मागाहून. आधीं तो तिच्याजवळ पाणी मागतो (योहान 4). सत्तर जणांना पाठवितांना त्यानें त्यांस पिशवी बांधून दिली नाहीं, तर जें पुढें वाढतील तें खा, असें सांगितलें (लूक 10). जो केवळ देतो तो कितीही नम्र असला तरी साहेबच राहतो. घरच्या धन्याला यजमान होण्याचा मान तो मिळूं देत नाहीं.

येथें बंगल्याविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. हॉल साहेबांचे सोबती न्यूएल यांची पत्नी हॅरिएट 1812 सालीं मॉरिशस बेटांत वारली, तेव्हां ती 19 वर्षांची होती. न्यूएल स्वतः 1821 सालीं मुंबईंत पटकीनें गेले. इतक्या थडग्यांनंतर कोणी पाणी उकळून प्याला तर त्यास गर्विष्ठ म्हणणें अन्यायाचें होय. पाणी उकळावें, परंतु आपल्या चुलीवर उकळून घ्या असें त्या घरींच सांगावें. बाटली काढून दाखविण्यापेक्षां तें बरें.

दुसरी अडचण याहून खोल आहे. यजमानच दरिद्री असला तर? एलीया सारफथच्या विधवेकडे आला तेव्हां तिच्या मडक्यांत मूठभर पीठ उरलें होतें. तरी त्यानें आपल्यासाठीं आधीं भाकरी मागितली (1 राजे 17). आम्हांस हा भाग वाचतांना दर वेळीं संकोच होतो, आणि व्हावाच. कारण एलीयाला देवाचें वचन होतें. आपणांपैकीं पुष्कळांस केवळ भूक असते. म्हणून असें म्हणावेंसें वाटतें कीं, घरांत आहे त्यांतलें घ्यावें, उसनें आणलेलें घेऊं नये. पैशाची गोष्ट तर आणखी निराळी. पौलानें फिलिप्पैकरांची देणगी घेतली, पण करिंथांत करिंथकरांकडून कांहीं न घेतां तंबू शिवले. भाकरीनें माणूस घरचा होतो, पैशानें तो विकतचा होण्याची भीति असते. हा भेद आमच्या कांहीं उपदेशकांच्या लक्षांत राहत नाहीं, हें दुःखानें लिहावें लागतें.

हॉल साहेबांचा शेवट या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. 1826 च्या मार्चांत ते पुस्तकें वांटीत नाशिककडे गेले. तेथें पटकीची सांथ होती, आणि जवळचीं बहुतेक औषधें त्यांनीं रोग्यांस देऊन टाकिलीं. परततांना एका खेड्यांतील देवळाच्या ओसरीवर रात्र काढली, व तेथेंच त्यांस तो रोग झाला. द्यावयास कांहींच उरलें नव्हतें. सोबतच्या तरुणांनीं त्यांस शवपेटीवांचून तेथेंच पुरलें. मोठ्या दात्याला अखेर परक्या गांवची ओसरी आणि परक्या गांवची माती घ्यावी लागली.

आखाडा बाळापुराकडे हळद शिजविण्याचे दिवस आले म्हणजे माणसें दिवसभर कढईजवळ असतात. अशा वेळीं बाहेरचा कोणी तरुण सेवक भेटीस आला तर आपल्या मंडळींत एकच धांदल उडते : खुर्ची कोणाकडून, अंडीं कोणाच्या दुकानांतून, काचेचा पेला कोठून. पंचांनीं हें थांबवावें. त्याला त्याच घोंगडीवर बसवा, त्याच पेल्यांतून पाणी द्या, ज्वारीची भाकरी व ठेंचा पुढें ठेवा, आणि त्याची मराठी चुकली तर हंसून दुरुस्त करा. अजूनही कांहीं ठिकाणीं आपल्या माणसांसाठीं कपबशी निराळी ठेवितात. तेथें हा पाहुणा तुमच्या घरीं बसून चहा पितो आहे, हें शेजाऱ्यांना दारांतून दिसूं द्या.