सेफ आहे ना?

बोटॉक्सची मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगत नाहीत, युनिटमध्ये सांगतात. एक युनिट म्हणजे किती? उंदरांच्या एका गटाला प्रत्येकी तेवढं टोचलं तर त्यातले साधारण निम्मे मरतील, एवढं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि चहा टाकायला उठलो. भुवयांच्या मधल्या उभ्या आठ्या घालवायला अशी २० युनिटं लागतात.

घाबरवायला एवढं पुरेसं आहे. पण ‘विष म्हणजे वाईट’ हे गणित फारच सोपं झालं. माणूस उंदरापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि २० युनिटं त्याच्या जिवावर बेतणाऱ्या मात्रेच्या जवळपासही नसतात. जुनाट अर्धशिशीच्या रुग्णांना हेच औषध डोकं, मान आणि खांद्यांत ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिटं टोचतात. मुळात ते आलंच डोळ्यांच्या दवाखान्यातून. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय शोधत होते. १९८९ साली अमेरिकेच्या एफडीएने तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी ते मंजूर केलं. व्हँकुव्हरच्या डॉ. जीन कॅरुथर्स यांच्या एका पेशंटने पापण्यांसाठी इंजेक्शन घेता घेता ‘भुवयांमध्येही टोचा, तिथे टोचलं की चेहरा निवांत दिसतो’ असा आग्रह धरला, आणि पुढचा सगळा बाजार तिथून उभा राहिला. आठ्यांसाठीची मंजुरी २००२ची.

हे सगळं मी वाचलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. ताई नाशिकला एका बँकेत कर्ज विभागात आहे, वय ३६. डिसेंबरात तिच्या धाकट्या भावाचं लग्न आहे. एका रात्री तिने मला इन्स्टाग्रामवरची जाहिरात पाठवली, पहिलं सेशन अर्ध्या किमतीत. खाली लिहिलं होतं, “तू इंजिनिअर आहेस, जरा वाचून सांग. सेफ आहे ना?” (आमच्याकडे इंजिनिअरला वॉशिंग मशीनपासून जीएसटीपर्यंत सगळं कळतं, असा समज आहे.)

तर मी वाचलं. मेंदूने हुकूम सोडला की नसेच्या टोकाशी एक रसायन सुटतं आणि स्नायू आकसतो. बोटुलिनम टॉक्सिन नसेच्या आत शिरून ते रसायन बाहेर सोडणारं प्रथिनच तोडतं. मेसेज गेला, पण एकच टिक. स्नायू ढिम्म राहतो, त्यावरची कातडी दुमडत नाही. तीन-चार महिन्यांत नस पूर्ववत होते आणि आठ्या परत येतात.

बिघडलं तर काय? बहुतेक वेळा डोकेदुखी, टोचल्या जागी काळंनिळं. आठ्यांसाठीच्या चाचण्यांत सुमारे ३ टक्के लोकांची पापणी खाली ओघळली. ती काही आठवड्यांत सावरते. पण दर शंभरात तिघांना दिसणारा बग घेऊन मी रिलीजला हो म्हणालो असतो का, हा विचार मनात आलाच. शिवाय इथे अनडू नाही. बोटुलिझमवर प्रतिविष असतं, पण ते रक्तात फिरणाऱ्या विषालाच गाठतं. जे नसेत शिरलं ते शिरलं, मग वाट बघायची. गरोदरपणात, बाळ अंगावर पीत असताना किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर साधारणपणे नकोच म्हणतात. २००९ पासून अमेरिकेत या औषधावर ठळक चौकटीतली सूचना असते: विषाचा परिणाम टोचलेल्या जागेपासून दूर पसरू शकतो, गिळायला, बोलायला, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, आणि तो काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो. असं झालं तर क्लिनिकच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विचारत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. मात्र ही सूचना देताना एफडीएने हेही म्हटलं होतं की मंजूर औषध, मंजूर मात्रेत, आठ्यांसाठी वापरल्यावर असा गंभीर प्रसार झाल्याचं एकही निश्चित प्रकरण समोर आलेलं नाही.

‘मंजूर औषध, मंजूर मात्रेत’ या शब्दांपाशी मी अडकलो. नोव्हेंबर २००४ मध्ये फ्लोरिडातल्या ओकलंड पार्क इथल्या एका क्लिनिकमध्ये, परवाना निलंबित झालेल्या डॉक्टरने स्वतःसकट चौघांना सुरकुत्यांसाठी इंजेक्शनं दिली. औषध नव्हतंच ते. प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठीचं, माणसांसाठी नसलेलं कच्चं विष होतं. चौघेही व्हेंटिलेटरवर गेले. नंतर त्याच लॉटमधली एक कुपी तपासली, तर तिच्यात नीट वाटल्यास १४,२८६ माणसं मारण्याइतकं विष निघालं. आणि हे जुनं झालं असं कुणी समजू नये. २०२४च्या वसंतापर्यंत अमेरिकेत ११ राज्यांतल्या २२ जणांना इंजेक्शनांनंतर त्रास झाल्याची नोंद झाली, ११ जणांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. काहींच्या इंजेक्शनांत बनावट माल होता. टोचणाऱ्यांत परवाना नसलेले होते आणि टोचण्याच्या जागांत घरं आणि स्पासुद्धा.

तेव्हा ‘बोटॉक्स सेफ आहे का’ हा प्रश्न ‘दूध चांगलं असतं का’ असं विचारण्यासारखा आहे. कुणाचं दूध? कुठून आलं? पाणी कुणी घातलं, किती? हे शब्दशः लागू पडतं, कारण हे औषध कोरड्या पावडरीच्या रूपात येतं आणि त्यात सलाइन क्लिनिकमध्येच मिसळतात. खुर्चीवर डोळे मिटून पडलेल्या माणसाला त्यातलं काही दिसत नाही. वर एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाबरोबर जुळत नाही. एककांच्या असल्याच घोळात नासाचं एक यान १९९९ साली मंगळाजवळ गमावलं होतं. तिथे निदान चेहरा कुणाचा नव्हता.

म्हणून मी ताईला फोनवर प्रश्नांची यादी सांगितली. टोचणार कोण, त्याची पदवी काय? कुपी तुझ्यासमोर फोडतील का? नाव, लॉट नंबर, मुदत दाखवतील का? पापणी ओघळली तर कुणाला भेटायचं? तिने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “आणि हे सगळं नीट निघालं तर?”

मी म्हणालो, “तर मग सेफ आहे, ताई.”

“म्हणजे करून घेऊ?”

या दोन वाक्यांमध्ये केवढी मोठी उडी आहे हे मला तेव्हा जाणवलं. ‘सेफ’ हा शब्द आपण हल्ली ‘योग्य’च्या जागी वापरतो. धोका नाही म्हटलं की बाकीचे प्रश्न आपोआप मिटले, असं धरून चालतो. जोखमीचं वजन दुसऱ्या पारड्यात काय आहे त्यावर ठरतं. महिन्याचे पंधरा दिवस डोकं धरून बसणारा माणूस १५५ युनिटं घेतो, तेव्हा ते पारडं कुणीही बघू शकतं. ताईच्या पारड्यात काय आहे? हौस, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण कर्जाचे कागद वाचताना तिच्या कपाळाला आठी पडते आणि समोरचा विचारतो, “मॅडम, चिडलात का?” तिच्या मॅनेजरच्या कपाळावर तीन आठ्या आहेत. त्यांना लोक गंभीर म्हणतात. माझ्याही आहेत, रात्रीच्या डिप्लॉयमेंटच्या, आणि त्या आजवर कुणी मोजलेल्या नाहीत. तेव्हा तिची हौस किती आणि लोकांनी तिच्यावर लादलेलं किती, हे मी ठरवणं बरोबर नाही. तिलाही ते वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. आज ताईला नको असेल तर एक सोपं उत्तर तिच्याजवळ आहे: “भीती वाटते बाई, काही झालं तर?” हे उत्तर सगळ्यांना पटतं, त्यावर कुणी वाद घालत नाही. समजा उद्या औषध शंभर टक्के निर्धोक झालं, स्वस्त झालं, नाक्यानाक्यावर नीट शिकलेला डॉक्टर बसला. मग ‘नको’ म्हणायला कारण काय सांगायचं? धोका होता तोवर तो नकाराला आडोसाही देत होता. केस काळे करण्याचं असंच झालं. कलप निर्धोक आणि स्वस्त झाला, आणि पांढरे केस तसेच ठेवणाऱ्या बाईला दर लग्नात खुलासा द्यावा लागू लागला. एकेकीची निवड तिची तिचीच असते, पण सगळ्यांच्या निवडींची बेरीज झाली की सरासरी चेहरा सरकतो, आणि जिने काहीच केलं नाही ती जागच्या जागी म्हातारी ठरते. विशी-पंचविशीतल्या मुलींना आता ‘प्रिव्हेंटिव्ह’ म्हणून, आठ्या पडण्याआधीच, इंजेक्शन सुचवतात. इंग्लंडने ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी ही इंजेक्शनं देण्यावर कायद्याने बंदी घातली. अठराव्या वाढदिवसानंतर मात्र ज्याचं त्याने बघायचं.

त्यामुळे औषध निर्धोक व्हावं असं मला अर्थातच वाटतं. नुसत्या भीतीच्या बळावर टिकलेलं स्वातंत्र्य काही खरं नव्हे. पण ‘मला माझी आठी हवी आहे’ एवढं म्हणणं पुरेसं ठरावं, यासाठी कुठली चाचणी होत नाही, आणि त्याचा परवाना कुठलं एफडीए देत नाही.

ताईने क्लिनिकला प्रश्न पाठवले. लॉट नंबरबद्दल उत्तर आलं, टोचणार कोण याबद्दल अजून नाही. औषधाचा परिणाम पूर्ण दिसायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत तिच्याकडे वेळ आहे.