ऐकणं आणि ऐकू येणं

रेडिओवरून एखादं गाणं हटवलं की आपल्यातले जाणते एक वाक्य हमखास काढतात: बंदी घातली म्हणून तर गाजलं! दाखलाही ठरलेला. लिव्हरपूलच्या ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’ या बँडचं ‘रिलॅक्स’. जानेवारी १९८४मध्ये बीबीसी रेडिओ वनचे निवेदक माइक रीड यांना ते किळसवाणं वाटलं, त्यांनी तसं प्रक्षेपणातच बोलून दाखवलं; दोन-तीन दिवसांत बीबीसीनं बंदी घातली आणि महिना संपायच्या आत गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. पाच आठवडे तिथंच राहिलं.

चार मिनिटांच्या गाण्यानं पिढी नासते असं मानणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. मला खुपतं ते या जाणत्यांचं समाधान. आधी तारखा पाहा. गाणं ऑक्टोबर १९८३मध्ये आलं आणि काही आठवडे रखडलं. ५ जानेवारीला बँड बीबीसी टीव्हीवरच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या कार्यक्रमात दिसला आणि खपाच्या पुढच्या यादीत गाणं ३५वरून थेट ६व्या क्रमांकावर गेलं. बंदी त्यानंतरची. वर चढणाऱ्या गाण्याला बंदीनं हात दिला असेल, नाही असं नाही. पण त्याला उचललं होतं ते प्रक्षेपणानं. शिवाय बंदीनंतर गाजलेली गाणीच आपल्या लक्षात राहतात. बंदीनंतर बुडालेल्यांची यादी कोण ठेवतं?

आणि समजा, खप बंदीमुळंच वाढला. तरी खप हे कशाचं माप? दुकानात जाऊन, नाव घेऊन, पैसे मोजून तबकडी मागणाऱ्यांचं. ते ऐकणं. रेडिओ देतो ते ऐकू येणं: न मागता, भांडी घासताना, अभ्यासाच्या टेबलावर, आईवडिलांच्या देखत. बंदी ऐकण्याला क्वचितच रोखते. ती ऐकू येणं काढून घेते.

आपल्याकडे बाळकृष्ण केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरची सिनेगीतं आटली, तेव्हा लोकांनी रेडिओ सिलोन धरलं. हेही बंदीच्या पराभवाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. पण सिलोन लावावं लागे. ज्याच्या घरी रेडिओची खुंटी वडिलांच्याच हाती, त्याच्यापर्यंत ते कसं पोचणार?

‘रिलॅक्स’च्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. हॉली जॉन्सन आणि पॉल रदरफर्ड हे बँडमधले दोघं उघडपणे समलिंगी होते. इंग्लंडमध्ये पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना १९६७पासून कायद्यानं मुभा होती, पण वयाची अट २१ वर्षांची. स्त्री-पुरुषांसाठी ती १६ होती. अशा देशातल्या आडगावच्या सतरा वर्षांच्या मुलाला ओळखीच्या दुकानदाराकडे हीच तबकडी मागणं सोपं नव्हतं. रेडिओवर ती लागली असती, तर त्याला काहीच मागावं लागलं नसतं. खाजगी केंद्रं ती वाजवत होती हे खरं. पण देशभर, सगळ्यांच्या कानावर पडणारं केंद्र रेडिओ वन होतं, आणि तिथं यादीतलं पहिलं गाणंच वगळलं जात होतं.

केंद्रानं गाणी निवडू नयेत असं मी म्हणत नाही. निवड हा संपादकाचा हक्कच आहे. पण जे गाणं आधी आपणच वाजवलं, ते मध्येच बंद करणं ही निवड नव्हे. ते ऐकणाऱ्याला सांगणं असतं की तुला कालपर्यंत आवडलेलं लाजिरवाणं होतं.

वर्षअखेरीस बंदी उठली; नाताळच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये बँडनं ते गाणं सादर केलं. तोवर तबकडी मागू शकणाऱ्यांनी ती केव्हाच घरी नेली होती.