हलालच्या पाटीमागचा भटारखाना

दिव्य कुरआनमध्ये चार ठिकाणी खाण्याच्या आदेशासोबत दोन शब्द शेजारी-शेजारी आले आहेत : हलाल आणि तय्यिब. त्यांपैकी सूरह अल-बकरामधील आदेश (2:168) केवळ श्रद्धावंतांना नव्हे, तर समस्त मानवजातीला उद्देशून आहे. जमिनीत जे हलाल आणि तय्यिब आहे ते खावे आणि शैतानाच्या पावलांवर पाऊल टाकू नये, असा त्याचा आशय आहे. हलाल म्हणजे शरीअतने वैध ठरविलेले. तय्यिब म्हणजे शुद्ध, निर्मळ, देहाला व मनाला हितकर. आपण पहिला शब्द दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत रंगवला आहे. दुसऱ्या शब्दाची चौकशी करायची, तर पाटीमागे भटारखान्यात जावे लागते.

गेल्या वर्षी मला तसे जाण्याचा प्रसंग आला. आमच्या मोहल्ल्यातील एका हॉटेलचे मालक, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे आणि पहिल्या सफमधले नमाजी, असरच्या नमाजनंतर माझ्यासाठी थांबले. तपासणी करून गेलेल्या निरीक्षकाने त्यांना सुधारणेची नोटीस दिली होती. "मौलाना, एकदा दुकानात येऊन बरकतीची दुआ करा. गोश्त हलालचे, कमाई घामाची, दारूला थारा नाही. तरी हा त्रास आमच्याच वाट्याला का?" त्यांच्या आवाजात खरी व्यथा होती. मी गेलो.

दुआ करण्यापूर्वी त्यांनी मोठ्या कौतुकाने मला आत नेले. मोरीला लागूनच कांदा चिरला जात होता. एकाच फडक्याने सुरी, ओटा आणि हात पुसले जात होते. दुपारच्या बिर्याणीची देग रात्रीच्या गिऱ्हाइकांसाठी अर्धवट झाकून ठेवली होती आणि ती पुरती कोमट झाली होती. कढईतील तेल काळे आणि दाट झाले होते. कोपऱ्यात मसाला वाटणारा मुलगा मधूनमधून पोट धरून बाहेर जात होता. मी विचारले, तेव्हा तो हळूच म्हणाला की दोन दिवसांपासून जुलाब होत आहेत, पण खाडा केला तर रोज बुडतो.

"सगळे पाक आहे, मौलाना," मालक म्हणाले.

पाक आणि स्वच्छ

फिक्हच्या परिभाषेत पाहिले, तर चाचा फारसे चुकीचे बोलत नव्हते. कांद्यावर नजासत पडली आहे, असे कोणी सिद्ध केले नव्हते. ते फडकेही कदाचित शरीअतच्या अर्थाने नापाक नसेल. परंतु पाक असणे आणि स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तहारत ही नमाजची अट होय. नजाफत ही माणसाच्या हिताची अट होय. वजूसाठी चालणारे पाणी प्रत्येक वेळी पिण्यासही निर्धोक असतेच असे नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. त्यांनी शुचितेला ईमानचा अर्धा भाग म्हटले (मुस्लिम). झोपेतून उठल्यावर हात धुतल्याशिवाय भांड्यात बुडवू नये, कारण रात्री हात कोठे होता हे झोपलेल्याला ठाऊक नसते, असे त्यांनी बजावले. भांडी झाकून ठेवण्याचा, पखालींची तोंडे बांधण्याचा आदेश दिला. पिण्याच्या भांड्यात श्वास सोडण्यास मनाई केली. यातील हाताविषयीच्या आदेशाचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. हात घाण दिसतो म्हणून नव्हे, तर तो स्वच्छ आहे याची खात्री नाही म्हणून धुवायचा. न दिसणाऱ्या धोक्यापासून दुसऱ्याला वाचविण्याची ही सावधगिरी होय.

त्या कोमट देगेचेच पाहा. तांदळात काही जंतूंचे बीजाणू असतात आणि ते भात शिजल्यावरही मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष निर्माण करतात. ते विष पुन्हा ऊन केल्याने नाहीसे होत नाही. वास नाही, रंग नाही, चवीत फरक नाही. म्हणूनच गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली ठेवावे, असा नियम आहे. बिस्मिल्लाह म्हणून देगेचे झाकण उघडणे ही सुन्नत आहे. पण त्याआधी ती देग नीट राखणे ही अमानत आहे.

ओल लपवणारा व्यापारी

मी चाचांना हे सांगण्यासाठी तोंड उघडले, पण शब्द घशातच अडले. कारण त्याच्या आदल्या रमजानमध्ये आमच्याच मशिदीत, माझ्याच देखरेखीखाली, इफ्तारसाठी कापलेली फळे जोहरपासून मगरिबपर्यंत उघड्या परातींत राहिली होती. उकाडा होता, माश्या होत्या, आणि मी सवाब मोजत ताटे लावत होतो. त्या रात्री कित्येक रोजेदारांना उलट्या-जुलाब झाले. एका वृद्ध मुसल्लींना सलाईन लावावे लागले. तरावीहच्या सफ दोन दिवस विरळ होत्या. आम्ही उकाड्याला दोष दिला आणि विषय संपवला.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या रिवायतीतील प्रसंग आपण अनेकदा ऐकतो (मुस्लिम). प्रेषित (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विचारल्यावर व्यापारी म्हणाला की पाऊस लागला. मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, म्हणजे लोकांना दिसला असता, असे प्रेषितांनी (स.) विचारले; आणि जो फसवणूक करतो तो आपल्यातला नव्हे, असे जाहीर केले. त्या व्यापाऱ्याने धान्य स्वतः भिजवले नव्हते. ओल पावसाची होती; लपवणे मात्र त्याचे होते. उकाडा आम्ही आणला नव्हता, परंतु परात उघडी आम्ही ठेवली होती. आणखी एक गोष्ट : प्रेषितांनी (स.) रास वरून पाहून समाधान मानले नाही. त्यांनी हात आत घातला. तपासणी ही व्यापाऱ्याचा अपमान नसून सुन्नत आहे, हे या हदीसवरून आपण शिकले पाहिजे.

पुढे इस्लामी जगात या कामासाठी हिस्बाची संस्था उभी राहिली आणि बाजारावर देखरेख ठेवणारा मुहतसिब नेमला जाऊ लागला. बाराव्या शतकात शैजरी यांनी मुहतसिबांसाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात कणीक मळणाऱ्याने पायाने मळू नये, अरुंद बाह्यांचे कपडे घालावेत, शिंकताना वा बोलताना थुंकी पडू नये म्हणून तोंड झाकावे, घाम गळू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधावी आणि दिवसा मळताना माश्या हाकणारा माणूस सोबत ठेवावा, अशा सूचना आहेत. आज निरीक्षक टोपी आणि मुखपट्टीचा आग्रह धरतो, तेव्हा आपल्याला ते परके वाटते. वास्तविक आठशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच बाजारांत हा आग्रह धरला गेला होता.

आपल्या देशात अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाले. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. हातगाडीवाल्यासह प्रत्येक खाद्यव्यावसायिकास नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी, त्यांना विषमज्वराची लस, आजारी कामगाराला अन्नापासून दूर ठेवणे, पिण्यायोग्य पाण्याचाच वापर, कच्चे व शिजलेले अन्न वेगळे ठेवणे, या त्यातील मुख्य अटी. तळणीच्या तेलात वारंवार तापल्याने तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात भजी वा कबाब बांधून देण्यासही मनाई आहे. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार केल्यास 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असुरक्षित अन्नाने कोणी दगावल्यास किमान 7 वर्षांचा कारावास आहे.

परवाना घेताना मालक या अटी पाळण्याचे वचन देतो. सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना आपले करार पूर्ण करण्याचा आदेश आहे. तेव्हा परवान्यावरील सही हाही एक करारच होय. काही निरीक्षक त्रास देतात, हे मी नाकारत नाही. परंतु त्यावर पाकीट सरकवणे हा उपाय नव्हे. लाच देणारा व घेणारा, दोघांवरही प्रेषितांनी (स.) लानत केली आहे. शिवाय लाचेने नोटीस नाहीशी होते, देगेतील विष होत नाही.

आणि तो पोट धरणारा मुलगा? तुमच्या हाताखालचे लोक तुमचे बंधू आहेत, तुम्ही खाता ते त्यांना खाऊ घाला, त्यांच्या शक्तीपलीकडचा भार त्यांच्यावर टाकू नका, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे (बुखारी). ज्या दुकानात आजारपणाचा रोज कापला जातो, त्या दुकानात आजार लपवला जातो, आणि तो थेट गिऱ्हाइकाच्या ताटात पोहोचतो. त्या मुलाला दोन दिवसांचा पगारी आराम देणे, हे त्याच्यावरील उपकार नव्हते. तो त्याचा हक्क होता आणि गिऱ्हाइकाचाही.

माफी कोणाकडे मागणार?

अखेर मी चाचांना माझी इफ्तारची हकीकत सांगितली. मग म्हणालो, "त्या वृद्धांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. इतरांचीही मागितली, कारण ते सर्व माझ्या ओळखीचे होते. तुमच्याकडे जेवणारा तर मुसाफिर असतो. तो एसटीतून उतरतो, हलालची पाटी पाहून विश्वासाने बसतो, जेवतो आणि निघून जातो. रात्री तो कोठे तळमळला, हे तुम्हाला कधी कळतही नाही."

नमाज चुकली तर कजा आहे, रोजा चुकला तर कजा आहे. अल्लाहच्या हक्कात झालेल्या कसुरीसाठी तौबाचे द्वार उघडे आहे. परंतु हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, माणसांनी माफ केल्याशिवाय सुटत नाहीत. प्रेषितांनी (स.) खरा दिवाळखोर कोण ते सांगितले आहे (मुस्लिम) : जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण ज्यांना त्याने दुखावले, ज्यांचे बुडवले, ते त्याची पुण्ये वाटून घेतील, पुण्ये संपली तर त्यांचे अपराध त्याच्या माथी येतील. पहिल्या सफमधली आपली जागा त्या दिवशी एखाद्या अनोळखी मुसाफिराच्या पोटदुखीत खर्ची पडली, तर?

चाचा बराच वेळ गल्ल्याजवळ बसून राहिले. मग त्यांनी विचारले, "तीस वर्षांची गिऱ्हाइके आहेत, मौलाना. मी माफी कोणाकडे मागू?"

या प्रश्नाचे हलके उत्तर माझ्याजवळ नव्हते. हक्कदार सापडत नसतील, तर आलिमांनी दाखवलेला मार्ग मी सांगितला : जे चालले आहे ते आजच थांबवावे, मनापासून तौबा करावी, त्या अज्ञात लोकांच्या वतीने सदका द्यावा आणि त्यांच्यासाठी दुआ करीत राहावे. उरलेले अल्लाहच्या दयेवर सोपवावे.

त्यांनी प्रथम त्या मुलाला पैसे देऊन दवाखान्यात पाठवले. मग उठून कढई स्वतःच्या हाताने रिकामी केली. देगेतील बिर्याणी त्या रात्री विकली गेली नाही. मोरी हलवायला पुढे दोन महिने लागले आणि खर्चही बराच झाला. सगळे एका रात्रीत घडले नाही. मीही मशिदीत नियम केला की फळे इफ्तारच्या थोडेच आधी, हात साबणाने धुऊन कापायची आणि जाळीखाली ठेवायची. त्या दिवशी दुआ मात्र आम्ही दोघांनी केली. ती बरकतीची कमी आणि माफीची अधिक होती.

बंधू-भगिनींनो, हे केवळ हॉटेलवाल्यांपुरते नाही. वलीम्याची देग, अकीक्याचे जेवण, घरून डबे पुरविणाऱ्या भगिनीचे स्वयंपाकघर, या सर्वांना हाच प्रश्न लागू आहे. जिथे गिऱ्हाइकाची नजर पोहोचत नाही आणि निरीक्षक वर्षाकाठी एखाद्या वेळी येतो, तिथे अल्लाह प्रत्येक क्षणी पाहत असतो.

हे अल्लाह, आम्हाला हलालसोबत तय्यिबचीही जाण दे. आमच्या हातून ज्यांना नकळत इजा झाली, त्यांना आरोग्य दे आणि त्यांच्या मनात आमच्यासाठी क्षमा निर्माण कर. आमीन.