परतीची सोय

आपल्याकडे पाहुण्याला नुसता दारातून निरोप देत नाहीत. यजमान फाट्यापर्यंत जातो, एस. टी. येईपर्यंत उभा राहतो, पिशवी खिडकीतून आत देतो आणि 'पोचल्याचं कळवा' असे सांगून मगच घराकडे वळतो. एका पाहुण्याच्या बाबतीत जी रीत आपण इतक्या निष्ठेने पाळतो, ती लाख पाहुण्यांच्या बाबतीत सोडून का देतो? जत्रा, मेळावा, सभा, सामना यांना माणसे बोलावण्याची आपल्याला मोठी हौस. ती परत कशी जाणार, याचा उल्लेख मात्र कार्यक्रमपत्रिकेत कोठेही नसतो. बोलावणाऱ्याचे कर्तव्य नेमके कोठे संपते, हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे.

येणे आणि जाणे या दोन सारख्या क्रिया नव्हेत. येणारा आपापल्या सवडीने येतो. कोणी सकाळी, कोणी दुपारी, कोणी आदल्या रात्रीच. जाताना मात्र सर्वांची वेळ एकच असते. ग्लासगो शहरात २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्स आणि सेल्टिक या संघांचा फुटबॉलचा सामना झाला. सामना बरोबरीत सुटला आणि आयब्रॉक्स मैदानाच्या तेरा क्रमांकाच्या जिन्यावरून उतरताना चेंगरून ६६ माणसे मेली. अखेरच्या क्षणी गोल झाला म्हणून काही प्रेक्षक उलटे फिरले आणि अनर्थ ओढवला, असे पुष्कळ दिवस सांगितले गेले. चौकशीत निघाले ते निराळेच: सारे जण एकाच दिशेने, खाली, घराकडे निघाले होते. त्याच जिन्यावर १९६१ साली दोघांचा जीव गेला होता. जिना बदलण्यापेक्षा गर्दीला वेडी म्हणणे नेहमीच स्वस्त पडते. इंग्लंड-स्कॉटलंडात मैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला तो १९७५ साली.

आपल्याला हे शास्त्र येत नाही असेही नाही. आषाढीला राज्य परिवहन महामंडळ पंढरपूरसाठी हजारो जादा गाड्या सोडते. २०२५ साली ही संख्या पाच हजारांवर होती. गावातून चाळीस माणसांनी एकत्र मागणी केली, तर गाडी थेट गावात येते. निरनिराळ्या विभागांसाठी पंढरपुराबाहेर निरनिराळी तात्पुरती स्थानके उभारली जातात. म्हणजे वाटून दिलेली गर्दी ही गर्दी राहत नाही, हे आपण जाणतो.

आमच्या बीड जिल्ह्यात तर हा प्रश्न अधिकच बोचतो. परळीला रेल्वे जुनी. पण बीड शहराला गाडी लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. जिल्ह्याचा बहुतेक भाग आजवर रस्त्याच्याच भरवशावर जगला. २०२४ च्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबर रोजी, सावरगाव घाट आणि नारायणगड अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी दोन प्रचंड मेळावे झाले. दोन्ही जागा आडवाटेच्या, रस्ते खेड्यांचेच. असल्या प्रसंगी किती माणसे आली यावर वाद रंगतात. किती सुखरूप पोचली हे कोणी विचारत नाही. येताना माणूस हा एक आकडा असतो आणि आकडा मिरवता येतो. परतताना त्या आकड्याची पुन्हा माणसे होतात. प्रत्येकाचे गाव वेगळे, प्रत्येकाच्या घरी कोणीतरी वाट पाहणारे. त्या वेळी मिरवण्यासारखे काहीच उरत नाही, म्हणून बोलावणारे आधीच आपल्या मोटारीतून निघून गेलेले असतात.

यावर कोणी म्हणेल, जाणती माणसे आपल्या पायांनी आली, आपल्या पायांनी जातील. त्यांना बोट धरून नेण्याचे कारण काय? या म्हणण्यात तथ्य आहे. शिवाय दुसरी एक अडचण मी शिक्षक म्हणून दर वर्षी पाहतो. कोठल्याशा मेळाव्यासाठी गाड्या काढल्या, की आमच्या वाटेवरची नेहमीची फेरी रद्द होते. त्या दिवशी दहावीच्या मुली वर्गात दिसत नाहीत. डोळे दाखवायला तालुक्याला निघालेली म्हातारी फाट्यावरून परत फिरते. मेळाव्याशी या दोघींचा काडीचा संबंध नसतो, आणि तरी त्याचे भाडे त्याच भरतात.

पण यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. परतीची सोय ही कोणीतरी केलीच पाहिजे. ती बोलावणाऱ्याने केली नाही, तर न बोलावलेल्याच्या माथी बसते. म्हणून निमंत्रणाचा अधिकार आणि पोचवण्याचा भार एकाच हाती असावा. गाड्या किती, वाटा किती, कोणत्या गावाची माणसे केव्हा निघणार, याचा हिशेब मंडप घालण्याआधी व्हावा. आणि तो जुळत नसेल, तर बोलावणे लहान करावे. नेहमीची फेरी मोडून केलेली सोय ही सोय नव्हे, ती उसनवारी आहे.

आणि जाणाऱ्यालाही थोडे कर्तव्य आहेच. लेकुरवाळीला आधी चढू द्यावे, रुमाल टाकून अडवलेली जागा म्हाताऱ्यासाठी सोडावी, एक गाडी जाऊ द्यावी. पण ही माणुसकी दुसरी गाडी येणार असल्याची खात्री असेल तेव्हाच सुचते. शेवटची गाडी समजून धावणाऱ्याला नीती शिकवण्यापूर्वी, ती शेवटची नाही एवढी व्यवस्था आपण केली आहे काय, हे पाहिले पाहिजे.