मोल कशाचें?

काष्टीच्या गुरांच्या बाजारांत गिऱ्हाईक बैलाचे दांत पाहतें, त्यास चालवून पाहतें, मग मोल करतें. संग्राह्य मोटारींचा न्याय निराळा. फेरारीच्या '२५० जीटीओ' १९६२ ते १९६४ मध्यें अवघ्या ३६ झाल्या. ॲस्टन मार्टिनच्या 'डीबी४ जीटी झगाटो' त्याहून थोड्या, १९. पुढें २०१९ सालीं त्याच घाटाच्या, अधिक शक्तीच्या आणखी १९ झगाटो कंपनीनें घडविल्या. तरी अधिक पैसा जुन्यांसच. म्हणजे मोल वेगाचें नव्हे, इतिहासाचें. तो आदर आम्हांस मान्य आहे. दुसऱ्यापाशीं नाहीं, एवढाच आनंद मात्र क्षुद्र होय. दोहोंत श्रेष्ठ कोणती, असें कोणी पुसल्यास आम्ही म्हणूं: जिचा धनी तिला अजून रस्त्यावर आणतो ती. चालतां चालतां झिजणाऱ्या गाडीचा इतिहास वाढतो. कुलुपांतलीची केवळ किंमत.