दारावरचा अंक

घराच्या दर्शनी भिंतीवर क्रमांक ठळकपणे लावावा, हा नगरपालिकेचा दंडक आता इतका अंगवळणी पडला आहे की, त्याच्या मुळाशी एक धर्मप्रश्न दडलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सन १७७० मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने ऑस्ट्रिया व बोहेमिया येथील घरांवर अंक रंगविण्याचा हुकूम काढला, तो फौजेत भरती करण्याजोग्या पुरुषांची मोजदाद व्हावी म्हणून. आणि दाविद राजाने शिरगणती केल्यामुळे देशावर महामारी ओढवली, अशी कथा ज्यांच्या धर्मग्रंथात आहे, त्यांनी त्या अंकाकडे साशंकतेने पाहिले असल्यास ते मला अज्ञान वाटत नाही. त्याहून बोचते ती एक बारीक तजवीज: ख्रिस्ती घरांना साधे अंक, यहुदी घरांना मात्र रोमन, म्हणजे दार न ठोठावताच अंमलदाराला आतल्या माणसाचा धर्म वाचता यावा. गणती स्वभावतः पाप आहे असे मी म्हणणार नाही; दुष्काळात धान्य वाटायचे तरी ती करावीच लागते, आणि वाडा व खोपट यांना एकाच क्रमात बसविणाऱ्या अंकात समतेचा अंशही आहेच. परंतु प्रत्येक जीव ईश्वराला अनन्य आहे असे मानणाऱ्याने, हा अंक माणसापर्यंत साहाय्य पोहोचविण्यासाठी आहे की त्याला हुडकून नेण्यासाठी, एवढे तरी विचारलेच पाहिजे. त्या रोमन अंकांपुरते तरी उत्तर संदिग्ध नाही.