तीच गाडी कीं दुसरी?

एकेक भाग बदलून जुनी वस्तु टिकवीत गेलें, तर शेवटीं हातीं उरते ती तीच वस्तु कीं दुसरी, हा वाद फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, कीं आंस म्हणजे रथ काय, कीं चाकें म्हणजे रथ? एकेकटा कोणताच भाग रथ नव्हे. सर्वांच्या आधारानें चालणारें ‘रथ’ हें केवळ एक नांव आहे. राजाला हें पटलें. मात्र राजाला तो रथ विकावयाचा नव्हता, आणि त्याचीं मोडलेलीं दंतचक्रेंहि शोधावयाचीं नव्हतीं!

इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत एम्. जी. बी. ही क्रीडामोटार तयार होत असे. एकूण पांच लाखांवर गाड्या निघाल्या, त्यामुळें तिचे बहुतेक भाग आजहि मिळतात. १९८८ पासून तर तिचा सबंध पत्र्याचा सांगाडाहि नव्यानें विकला जाऊं लागला. अडचण येते ती इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रमालिकेंत. आरंभींच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दंतचक्रांचा वेग आधीं जुळवून देणारी योजना, नव्हती. १९६७ च्या अखेरीस ती असलेली नवी गिअरपेटी आली, आणि तिच्यासाठीं तळांतील मधला बोगदा रुंद करावा लागला. म्हणून ही पेटी आधींच्या गाडींत कापाकापी केल्यावांचून बसत नाहीं.

तेव्हां जुन्या गाडीच्या धन्यानें काय करावें? त्याच वयाची दुसरी गाडी मोडून तिची पेटी घ्यावी, हा मार्ग प्रामाणिक दिसतो. पण त्या पेटीच्या पहिल्या गिअरचे दांतेहि बहुधा त्याच खोडीनें, गाडी पुरती थांबण्यापूर्वीं गिअर टाकल्यानें, झिजलेले असतात. रोग्याला रोग्याचाच अवयव! शिवाय जिचा तळ गंजून गळून पडला आहे, तिची पेटी काढण्यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. परंतु जी चालूं शकली असती अशी गाडी एका पेटीसाठीं फोडणें आम्हांस रुचत नाहीं. लोखंडाची कींव येते म्हणून नव्हे. अशा गाड्या पुन्हां व्हावयाच्या नाहींत, आणि एकाचा हट्ट पुरवितांना दुसऱ्या कोणाची संधि कायमची बुडते, म्हणून. त्यापेक्षां नवीं दंतचक्रें पाडून घेणें बरें. तीं नवीं आहेत एवढाच त्यांचा अपराध.

पण मग गाडीचें जुनेपण उरलें कोठें? हा प्रश्न १९९० सालीं लंडनच्या न्यायालयांत खरोखरच उभा राहिला. ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटले गाडीनें १९२९ व १९३० या दोन्ही वर्षीं ल मान्सची शर्यत जिंकली होती. पुढें तिला आठ लिटरचें इंजिन बसविण्यांत आलें; १९३२ मध्यें ब्रुकलँड्स येथें तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला; नंतर ती पुन्हां बांधण्यांत आली. विजयी गाडीचें मूळ सामान तिच्यांत थोडेंच उरलें होतें. ती एक कोटि पौंडांना विकण्याचा करार झाला, आणि मग ही ती गाडीच नव्हे, असें म्हणून खरेदीदार मागें फिरला. न्यायमूर्ति ऑटन यांनीं निकाल विक्रेत्याच्या बाजूनें दिला: सामान मूळचें नसलें, तरी इतिहासाचा धागा कोठेंहि तुटलेला नाहीं, म्हणून ती या नांवाला पात्र आहे.

निकाल आम्हांस योग्य वाटतो. पण तो धागा न्यायाधीशांना दिसला, तो बदलांचा माग लागत होता म्हणूनच. या बाजारांत इंजिनावरील आंकडा कारखान्याच्या नोंदीशीं जुळला, कीं किंमत पुष्कळ चढते, आणि दुसऱ्याच इंजिनावर जुना आंकडा ठोकण्याचा मोह तेथेंच होतो. नवें दंतचक्र कोणालाच फसवीत नाहीं. तो ठोकलेला आंकडा फसवितो. नवी पेटी बसविणाऱ्या धन्यानें केव्हां काय बदललें याची वही ठेवावी, आणि काढलेली पेटी भंगारांत न घालतां गाडीबरोबर पुढच्या धन्याच्या हवालीं करावी. ती जड असते, तेलकट असते, आणि तोंपर्यंत घरांत कोणाला तरी अडखळवीत राहते, हें आम्ही नाकारीत नाहीं.